इशारे सर्वांना दिसतात, म्हणून त्यांचे चित्रण निर्दोष ठरत नाही

अमेरिकन फुटबॉलमधील ‘स्पायगेट’ प्रकरणाबद्दल एक दावा गेली अनेक वर्षे पुन्हा पुन्हा मांडला जातो. न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाने प्रतिस्पर्ध्यांचे इशारे, म्हणजे प्रशिक्षक मैदानावरील खेळाडूंना हाताने करतात त्या खुणा, कॅमेऱ्याने टिपले यात गैर काय, ते तर हजारो प्रेक्षकांसमोर केले जात होते; सगळेच संघ इशारे वाचतात; नियम संदिग्ध होता, कॅमेरा फक्त चुकीच्या जागी होता; त्यातून फायदाही झाला नाही आणि शिक्षा मात्र अतोनात झाली, असे त्याचे स्वरूप आहे. यातला इशारे वाचण्याचा मुद्दा खरा आहे आणि त्याच्या आडोशाने बाकीचे मुद्दे खपून जातात, म्हणून त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

घटना अशी. ९ सप्टेंबर २००७ रोजी न्यू जर्सीतील जायंट्स स्टेडियमवर न्यूयॉर्क जेट्सविरुद्धच्या सामन्यात पेट्रियट्सचा एक कर्मचारी मैदानाच्या कडेला उभा राहून जेट्सच्या बचाव प्रशिक्षकांच्या खुणांचे चित्रीकरण करताना पकडला गेला आणि त्याचा कॅमेरा जप्त झाला. सामना पेट्रियट्सने ३८–१४ असा जिंकला.

आता खरा भाग आधी मान्य करतो. समोरच्या प्रशिक्षकाच्या खुणा डोळ्यांनी पाहून त्यांचा अर्थ लावण्यास त्या खेळात बंदी नव्हती. आपल्याकडे फलंदाज गोलंदाजाच्या मनगटावरून गुगली ओळखतो, त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. पण कॅमेऱ्याचे काम पाहण्यापुरते नसते. अशा चित्रफितींची रचना पाहिली की हे स्पष्ट होते. आधी प्रशिक्षकाचे हात दिसतात, मग धावफलक, ज्यावर कितवा डाउन (चेंडू पुढे नेण्याचा प्रयत्न) आहे आणि किती यार्ड हवे आहेत ते वाचता येते, आणि त्यानंतर प्रत्यक्ष चाल. खूण, परिस्थिती आणि परिणाम असे तिन्ही शेजारी शेजारी ठेवले की कोणत्या खुणेला कोणती बचावरचना येते याचा कोश घरी बसून, निवांतपणे तयार करता येतो. जेट्स, बफेलो बिल्स आणि मायामी डॉल्फिन्स हे पेट्रियट्सच्याच गटातले संघ, त्यांच्याशी दर हंगामात दोनदा गाठ पडते. पहिल्या सामन्यात तयार केलेला कोश दुसऱ्या सामन्यात हाताशी असतो. स्टँडमध्ये बसलेल्या हजारो प्रेक्षकांपैकी कोणालाही हे साधणारे नव्हते. शिवाय क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या, हेल्मेटमध्ये १९९४ पासून रेडिओ होता, बचाव करणाऱ्यांकडे मात्र २००७ मध्येही हातवाऱ्यांशिवाय साधन नव्हते. कॅमेरा नेमका त्यांच्याकडे वळला होता. पुढच्याच वर्षी लीगने (एनएफएलने) बचावातील एका खेळाडूलाही हेल्मेट-रेडिओची परवानगी दिली.

नियम संदिग्ध होता, हा मुद्दा तर टिकतच नाही. ६ सप्टेंबर २००६ रोजी, म्हणजे या सामन्याच्या वर्षभर आधी, लीगने सर्व संघांना लेखी कळवले होते की प्रतिस्पर्ध्याच्या आक्रमणाच्या वा बचावाच्या इशाऱ्यांचे चित्रण मैदानाच्या कडेला, प्रशिक्षकांच्या कक्षात, लॉकर रूममध्ये किंवा सामना चालू असताना संघाच्या कर्मचाऱ्यांना जाता येईल अशा कोणत्याही ठिकाणी करण्यास मनाई आहे. त्यावर पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांचे म्हणणे असे की, त्याच सामन्यात वापरले नाही तर चित्रण चालते, असा आपण नियमाचा अर्थ लावला होता. पत्रात जागांची यादी आहे, वापराच्या वेळेची सवलत कुठेही नाही. इतका अनुभवी प्रशिक्षक हे पत्र वाचून असा अर्थ काढतो, हे मला पटत नाही. आणि सगळेच करतात असे म्हणणाऱ्यांनी वाचणे आणि चित्रित करणे यांतला फरक आधी मान्य करावा, कारण मनाईचे पत्र सगळ्यांनाच गेले होते.

फायदा झाला नाही याचा पुरावा म्हणून २००७ चा हंगाम दाखवला जातो: कॅमेरा गेल्यानंतरही संघाने नियमित हंगामातले सोळाही सामने जिंकले आणि अखेर सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, न्यूयॉर्क जायंट्सकडून १७–१४ असा हरला. परंतु बचावाच्या खुणा चोरल्याचा लाभ आक्रमणाला होतो, आणि त्या वर्षी पेट्रियट्सचे आक्रमणच बदलले होते. पास झेलणारे रँडी मॉस आणि वेस वेल्कर नव्याने आले, क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने ५० टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) दिले, त्यांतले २३ एकट्या मॉसने झेलले. संघच बदललेला असताना कॅमेऱ्याआधीची आणि नंतरची तुलना काहीच सिद्ध करत नाही. अर्थात आधीचे विजय कॅमेऱ्यामुळेच मिळाले, असेही मी म्हणणार नाही. २००२ च्या सुपर बोलआधी सेंट लुइस रॅम्सच्या सरावाचे चित्रण झाल्याची बातमी तर खोटी ठरली आणि ती छापणाऱ्या ‘बोस्टन हेराल्ड’ने मे २००८ मध्ये जाहीर माफी मागितली. पेट्रियट्सच्या चाहत्यांचा त्याबद्दलचा राग रास्त आहे.

राहिली शिक्षा. बेलिचिक यांना ५ लाख डॉलर, संघाला अडीच लाख डॉलर दंड आणि २००८ च्या ड्राफ्टमधील, म्हणजे संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेतील, पहिल्या फेरीची निवड रद्द. ऐकायला हे जबर वाटते. पण रद्द झाली ती फेरीच्या शेवटाची, ३१ व्या क्रमांकाची निवड. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाकडून मिळालेली, त्याच फेरीतली सातव्या क्रमांकाची निवड पेट्रियट्सकडेच राहिली. तिची अदलाबदल करून त्यांनी दहाव्या क्रमांकावर जेरॉड मेयोला घेतले, आणि तो त्या हंगामातला बचावाचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला.