ताजमहाल हॉटेल उलटे बांधले गेलेले नाही

गेटवे ऑफ इंडियाच्या आवारात उभे राहिले की समोरच्या ताजमहाल हॉटेलकडे बोट दाखवून एक गोष्ट हमखास सांगितली जाते. कोणा परदेशी वास्तुविशारदाने हॉटेलचे आराखडे काढून दिले आणि तो मायदेशी निघून गेला. इथल्या माणसांनी ते आराखडे उलटे धरले आणि ज्या इमारतीचे तोंड समुद्राकडे असायला हवे होते ते शहराकडे करून टाकले. वास्तुविशारद परत आला, त्याने झालेला प्रकार पाहिला आणि त्या धक्क्याने जीव दिला. ही गोष्ट वाटाडे सांगतात, आईवडील मुलांना सांगतात, आणि दर काही महिन्यांनी ती नव्या छायाचित्रासह समाजमाध्यमांवर फिरत असते. ही गोष्ट खोटी आहे. ती निरुपद्रवी आहे असेही मला वाटत नाही, कारण ज्यांच्या बुद्धीतून ही वास्तू उभी राहिली त्यांचे श्रेय ती काढून घेते आणि वर त्यांच्याच माथी चूक मारते.

आधी दिशेचा प्रश्न निकालात काढू. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. त्या दिवशी गेटवे ऑफ इंडिया अस्तित्वातच नव्हते. पंचम जॉर्ज १९११ साली अपोलो बंदरावर उतरले, त्या प्रसंगाच्या स्मरणार्थ ते बांधायचे ठरले आणि डिसेंबर १९२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. म्हणजे आज आपण ज्या बाजूला हॉटेलची दर्शनी बाजू समजतो, त्या बाजूला हॉटेलच्या पहिल्या वीस वर्षांत गेटवेही नव्हते आणि आजची वर्दळही नव्हती. पाहुण्यांच्या घोडागाड्या शहराच्या बाजूने, पश्चिमेकडून येत, म्हणून मुख्य प्रवेशद्वार पश्चिमेला ठेवले होते. दोन पंख पसरलेल्या इमारतीच्या कुशीत ज्या जागी गाड्या येऊन थांबत, तिथे आज पोहण्याचा तलाव आहे. बंदराकडची बाजू पाहुण्यांच्या खोल्यांना दिली गेली, कारण समुद्राचे दर्शन आणि वारा खोलीत राहणाऱ्याला हवा असतो. पुढे शहराची ये-जा बदलली तसे प्रवेशद्वार समुद्राच्या बाजूला आले. गोंधळ झाला तो एवढ्यानेच: प्रवेश कुठून होत असे हे लोक विसरले, आणि त्या विसरण्यातून चुकीच्या आराखड्याची कथा तयार झाली.

आता त्या परदेशी वास्तुविशारदाचे. मूळ आराखडे ज्यांच्या नावावर आहेत ते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. दोघेही भारतीय. काम पूर्णत्वाला नेले ते डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने, आणि प्रत्यक्ष बांधकाम केले खानसाहेब सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांनी. मधल्या घुमटाखालचा तो प्रसिद्ध अधांतरी जिना, ज्याच्या पायथ्याशी उभे राहून मान वर केली की मजल्यामागून मजला वर चढत जाताना दिसतो, तोही सोराबजींच्याच कल्पनेतला.

यातले वैद्य हे नाव मराठी माणसाने तरी विसरता कामा नये असे मला मनापासून वाटते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, उभारले तेव्हा त्यांचे साहाय्यक अभियंता म्हणून सीताराम खंडेराव काम करत होते. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे चाललेल्या त्या कामावर घुमट कसा पेलायचा, दगड कसा कोरून घ्यायचा, युरोपीय आणि भारतीय शैलींचे घटक एका भिंतीवर एकमेकांशी भांडण न करता कसे नांदवायचे, हे ज्याने जवळून पाहिले, तो अभियंता नंतर ताजच्या आराखड्याशी बसला. दोन्ही इमारती लागोपाठ नीट पाहिल्या तर हे नाते डोळ्यांनाच कळते: मधोमध उंच घुमट, कोपऱ्यांवर लहान घुमट, राजपूत आणि गुजराती वळणाच्या खिडक्या व सज्जे, आणि या सगळ्याला धरून ठेवणारी व्हिक्टोरियन काळातली शिस्तशीर मांडणी. अशा माणसांच्या हातात आराखडा उलटा धरला गेला, हे म्हणायला कोणता आधार आहे? आधार नाही, फक्त एक जुनी सवय आहे. भव्य काही दिसले की डोके परदेशी असणार आणि त्यात काही विचित्र वाटले की चूक देशी असणार, ही ती सवय. सव्वाशे वर्षांनंतरही आपण ती हौसेने जपतो याचे मला फार वाईट वाटते.

दुसरी आख्यायिका याहून लोकप्रिय आहे. जमशेटजी टाटांना वॉटसन्स हॉटेलच्या दारातून ते भारतीय असल्यामुळे परत पाठवले गेले आणि त्या अपमानाला उत्तर म्हणून त्यांनी ताज बांधले, ही कथा ऐकताना ऊर भरून येतो हे मी मान्य करतो. त्या काळातल्या युरोपियनांच्या हॉटेलांत भारतीयांना कशी वागणूक मिळत होती हे पाहता अशी घटना अशक्यही नव्हती. पण एवढ्या मोठ्या उपक्रमाचे कारण म्हणून ती मला पटत नाही. टाइम्स ऑफ इंडियाचे तेव्हाचे संपादक लोवॅट फ्रेझर हे जमशेटजींचे स्नेही होते. त्यांनी नोंदवले आहे की हॉटेलचा विचार जमशेटजींच्या मनात फार पूर्वीपासून होता, हॉटेलचे मालक होण्यात त्यांना काडीचा रस नव्हता, आणि लोकांनी भारतात यावे व मुंबई सुधारावी एवढाच त्यांचा हेतू होता. या साक्षीला मी आख्यायिकेपेक्षा अधिक मोल देतो.

शिवाय काळ पाहावा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवीतून सुरू झालेली साथ शहरभर पसरली, माणसे घरेदारे टाकून गावी पळाली, गिरण्या आणि बंदर दोन्हींवर त्याचा परिणाम झाला. मुंबई हे शहर म्हणून टिकेल का, अशी शंका घेतली जात होती. त्या सावटातच, १८९८ साली, अपोलो बंदराजवळची भराव टाकून तयार झालेली जमीन जमशेटजींनी भाडेपट्ट्याने घेतली आणि स्वतःच्या पैशातून, कंपनीच्या नव्हे, हॉटेलचे काम काढले. ज्या शहरातून लोक निघून जात होते त्या शहरात परक्यांनी येऊन राहावे म्हणून एवढी इमारत उभारणे हा अपमानाच्या सूडापेक्षा कितीतरी मोठा विचार आहे. सूडाची गोष्ट सांगून आपण त्या माणसाला मोठे करत नाही, लहान करतो.

वॉटसन्सचा उल्लेख आलाच आहे, तर त्याच्याविषयी थोडे सांगायलाच हवे, कारण दोन हॉटेलांतला खरा फरक मानापमानाचा नसून बांधणीचा आहे. काळा घोड्याजवळची ही इमारत रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याने आखली. तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार झाला, जहाजाने मुंबईत आला आणि इथे जोडला गेला. हॉटेल सुरू झाले १८७१ मध्ये. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलतचित्रांचा भारतातला पहिला खेळ तिथेच झाला. तो सगळा डोलारा विलायतेहून आणलेला होता. ताजमध्येही परदेशी वस्तू होत्या, आणि भरपूर होत्या. जमशेटजी स्वतः युरोपात फिरून विजेची सामग्री आणि यंत्रे निवडून घेत होते, पंखे अमेरिकेतून आले, उद्वाहक जर्मनीतून. पण यंत्र बाहेरून आणले तरी वास्तूची कल्पना, तिचा बांधा आणि तिच्यावर राबणारे हात इथले होते. वॉटसन्सच्या त्या इमारतीत पुढे बिऱ्हाडे आणि वकिलांच्या कचेऱ्या थाटल्या गेल्या, देखभाल होईना, आणि २००५ साली तिच्या सज्जांचा काही भाग कोसळून एका माणसाचा जीव गेला. तीही वाचली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ताजच्या अभिमानासाठी वॉटसन्सला खलनायक ठरवून ती मोडकळीला येऊ देणे शहाणपणाचे नाही.

जमशेटजींच्या चार मोठ्या संकल्पांपैकी, म्हणजे पोलाद कारखाना, विज्ञान संस्था, जलविद्युत प्रकल्प आणि हॉटेल यांपैकी, त्यांच्या डोळ्यांदेखत पुरे झाले ते एवढे एकच. खरे तर ‘पुरे झाले’ हेही सैल अर्थाने म्हणायचे, कारण दारे उघडली तेव्हा काम अजून चालूच होते आणि पहिल्या दिवशीचे पाहुणे होते अवघे सतरा. पाचच महिन्यांनी, मे १९०४ मध्ये, जर्मनीत जमशेटजींचे निधन झाले. पहिल्या महायुद्धात याच हॉटेलचे सहाशे खाटांचे रुग्णालय झाले होते, ही गोष्ट आज फारशी कोणाला ठाऊक नसते.

मला स्वतःला सर्वांत अधिक ओढ वाटते ती १९३० ते १९५० या काळाची. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतकार आपला वाद्यवृंद घेऊन ताजमध्ये आला, त्याच्या पाठोपाठ टेडी वेदरफोर्डसारखा पियानोवादक आला, आणि मुंबईला जॅझची गोडी लागली. त्यांच्या शेजारी बसून ते संगीत शिकले ते बहुतांशी गोमंतकीय वादक. मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद १९३९ पासून पुढे वीसेक वर्षे ताजमध्ये वाजत राहिला. या वादकांना पाश्चात्त्य स्वरलेखन येत होते आणि हिंदी चित्रपटसंगीताला नेमकी त्याच कौशल्याची गरज होती. दिवसा ध्वनिमुद्रण आणि रात्री हॉटेल असा त्यांचा क्रम असे. मुंबईच्या बड्या हॉटेलांत ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियु शाविएर वाझ, आपल्या सी. रामचंद्रांचे साहाय्यक झाले आणि त्यांच्या गाण्यांतला तो उसळता ठेका घरोघरी पोहोचला. ज्या नृत्यगृहात सामान्य मुंबईकराला पाऊल टाकणेही परवडणारे नव्हते, तिथले सूर असे रेडिओवाटे चाळीतल्या खोल्यांपर्यंत आले. मुंबई राज्यात दारूबंदी आल्यावर हॉटेलांतल्या मैफली ओसरल्या, पण तोवर तो ठेका आपला झाला होता. श्रीमंतांच्या हॉटेलाच्या इतिहासाशी आम्हाला काय करायचे, असे विचारणाऱ्यांना माझे हेच उत्तर असते.

याच भिंतींमध्ये सरोजिनी नायडूंचा मुक्काम असे आणि त्यांची खोली राजकीय भेटीगाठींचे ठिकाण झाली होती. रतनबाई जीना यांच्या आयुष्याचा शेवटचा, एकाकी काळही इथेच गेला.

पुढचा मोठा टप्पा ताजची सूत्रे सांभाळणाऱ्या अजित केरकरांचा. एका जुन्या, थकू लागलेल्या हॉटेलाचे हॉटेलसमूहात रूपांतर झाले ते प्रामुख्याने त्यांच्या कारकिर्दीत. १९७१ मध्ये उदयपूरचा लेक पॅलेस समूहात आला, १९७३ मध्ये जुन्या ग्रीन्स हॉटेलच्या जागी ताजचा मनोरा उभा राहिला, १९७४ मध्ये गोव्यात आग्वादच्या किल्ल्यालगतचे हॉटेल सुरू झाले. मनोऱ्याच्या वास्तुशिल्पाविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. जुन्या घुमटाच्या शेजारी तो उपरा वाटतो. पण त्या मनोऱ्याच्या उत्पन्नावाचून जुनी इमारत इतकी चांगली राखता आली असती का, याची मला शंका आहे, म्हणून मी तो सहन करतो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीविषयी मी थोडेच लिहितो, कारण ते सर्वांनी पाहिले आहे. २९ तारखेच्या सकाळपर्यंत चाललेल्या त्या हल्ल्यात हॉटेलात ३१ जणांचे प्राण गेले. मेजर संदीप उन्नीकृष्णन इथेच धारातीर्थी पडले. हॉटेलचे महाव्यवस्थापक पाहुण्यांना बाहेर काढण्याच्या कामात राहिले आणि त्यांची पत्नी व दोन मुले वरच्या मजल्यावरच्या आगीत गेली. मागच्या दारांची माहिती असलेले वाढपी, स्वयंपाकी आणि इतर कर्मचारी स्वतः निसटू शकत असताना पाहुण्यांपुढे उभे राहिले. जळालेला भाग दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा खुला झाला. त्या धुरात घुमट दिसत होता तेव्हा कोट्यवधी लोकांना तो आपला वाटला, आणि त्या आपलेपणात हॉटेलच्या दरपत्रकाला काही स्थान नव्हते.

२०१७ साली या इमारतीच्या प्रतिमेची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. भारतात एखाद्या इमारतीच्या बाबतीत असे पहिल्यांदाच घडले. प्रतिमेला संरक्षण मिळाले हे चांगले झाले. पण ज्यांनी ती प्रतिमा प्रथम कागदावर रेखाटली त्यांची नावे सांगा म्हटले, तर आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? माझी मागणी साधी आहे. दक्षिण मुंबईत जे वारसा फेऱ्या काढतात, त्यांनी ताजसमोर थांबल्यावर सीताराम खंडेराव वैद्य, डी. एन. मिर्झा आणि सोराबजी कॉन्ट्रॅक्टर ही तीन नावे उच्चारावीत. शाळांच्या सहलींना गेटवेपाशी नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा घुमट आणि ताजचा घुमट एकाच दिवशी दाखवावा आणि दोन्हींच्या कामात असलेला माणूस एकच होता हे सांगावे. आणि कोणी उलट्या आराखड्याची गोष्ट सुरू केली, तर त्याला मध्येच थांबवून हॉटेलचे पहिले दार कोणत्या बाजूला होते आणि का होते, एवढे समजावून द्यावे.