‘सी’ सापडला, मग डॉक्टर कशाला?

चवथीच्या तोंडावर आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो संदेश पुन्हा आला. वर्षातून दोनदा तरी तो येतोच. वर पॅरिसच्या एका प्राध्यापकाचे नाव, मग एक भारदस्त वैद्यकीय शब्द, आणि खाली दिलासा: आपण विसरतो हे ज्याला कळते, त्याला अल्झायमर नसतो. साठीनंतरचे विसरणे वयाचे असते, आजाराचे नव्हे. खात्री हवी तर ‘ओ’च्या ढिगातून ‘सी’ शोधा, नवांच्या रांगेतून सहा शोधा, ‘एम’मधून ‘एन’ शोधा. सापडले? मग निर्धास्त राहा आणि साठी उलटलेल्या सगळ्यांना पाठवा.

फोंड्यापासून पेडण्यापर्यंतच्या सगळ्या आत्या-काकांनी त्यावर अंगठे उमटवले. पाठवणारे काका वयाने मोठे, म्हणून तेव्हा मी गप्प बसले. आता लिहिते.

आधी तो भारदस्त शब्द: अ‍ॅनोसोग्नोसिया. संदेश म्हणतो, म्हणजे तात्पुरता विसरभोळेपणा. साफ चूक. हा शब्द जोझेफ बाबिन्स्की या डॉक्टरांनी १९१४ साली वापरात आणला, आणि गंमत म्हणजे तेही पॅरिसचेच. अर्धे अंग लुळे पडूनही ‘मला काही झालेले नाही’ असे म्हणणारे रुग्ण त्यांनी पाहिले होते. आपल्यातली उणीव आपल्यालाच न जाणवणे, हा त्याचा अर्थ. विसरभोळेपणाशी त्याचा थेट संबंध नाही.

आता मुख्य दावा: कळते, म्हणजे आजार नाही. यात अर्धे खरे आहे म्हणूनच तो खपतो. अल्झायमर पुढे सरकला की पुष्कळांची ही जाणीव खरोखर जाते. तक्रार घेऊन घरचे येतात, रुग्ण हसत बसलेला असतो. पण सुरुवातीला अनेकांना कळत असते. आलोइस अल्झायमर यांची ती पहिली प्रसिद्ध रुग्ण, ऑगस्टे डेटर, १९०१ साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात आली तेव्हा ५१ वर्षांची होती. मी स्वतःला हरवून बसले आहे, असे तिचे म्हणणे नोंदलेले आहे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी तर नोव्हेंबर १९९४ मध्ये आपल्याला अल्झायमर झाल्याचे स्वतःच्या हस्ताक्षरात पत्र लिहून देशाला कळवले. संदेशाच्या हिशेबाने दोघेही ठणठणीत!

आणि आमची मावशी. तीसेक वर्षे चवथीचे खतखते तिच्या हातचे. कुठली भाजी आधी, तिरफळे कधी, कोणी विचारायचे नाही. एका वर्षी ती चुलीपाशी नुसती उभी राहिली. “हालीं म्हाका सुचना गे,” म्हणाली, म्हणजे हल्ली मला सुचत नाही गं. आम्ही तिला हाच संदेश दाखवला. ‘सी’ तिने पहिल्या झटक्यात शोधला आणि आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकला. त्यात वर्ष गेले. पुढे तपासणीत निघाला तो अल्झायमरच.

‘सी’ शोधायला नजर लागते आणि लक्ष लागते. अल्झायमर बहुधा आधी हिप्पोकॅम्पसला, म्हणजे मेंदूच्या नवी आठवण साठवणाऱ्या भागाला धरतो. असा माणूस ‘सी’ शोधेल, आणि थोड्या वेळाने असे काही विचारले होते हेच त्याला आठवणार नाही. म्हणून तर डॉक्टर चार-पाच शब्द सांगून ते मध्ये वेळ घालवून विचारतात, घड्याळ काढायला लावतात.

‘वय झाले की व्हायचेच’ या वाक्यावर मात्र माझा खरा राग आहे. नाव ओठांवर येऊन अडणे आणि संध्याकाळी चहा पिताना आठवणे, हे वयाचे. त्याला माझी हरकत नाही. पण रोजच्या वाटेवर चुकणे, तोच प्रश्न दहा मिनिटांत चौथ्यांदा विचारणे, हातच्या कामाचा क्रम हरवणे हे वयाचे नाही. आणि हा प्रत्येक वेळी अल्झायमरच असतो असेही नाही. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले तरी विसर पडतो. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकते. थायरॉइड मंदावले, नैराश्य आले, झोपेच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या चालू असल्या तरी तसेच. पावसात शेवाळलेल्या अंगणात म्हातारे माणूस घसरते, डोके आपटते, उठून कामाला लागते. आतून हळूहळू रक्त साकळते आणि काही आठवड्यांनी ते बरळू लागते. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर धोका जास्त. स्कॅनमध्ये हे दिसते, शस्त्रक्रियेने बहुतेकदा निस्तरते. रोजची फेणी आणि जेवणाकडे दुर्लक्ष, यातून थायमिन म्हणजे बी-१ घटते. वेळेत लक्षात आले नाही तर स्मृती कायमची जाते, आणि मग माणूस आठवणींच्या खिंडारात खोट्या गोष्टी भरतो, तेही स्वतःला खऱ्या वाटून. एक-दोन दिवसांतच गोंधळ उडाला, तर लघवीतला जंतुसंसर्ग किंवा सोडियम घटणेही असू शकते. तेव्हा त्याच दिवशी इस्पितळ.

या सगळ्यांना तो संदेश घरी बसवतो.

ग्रुपवर एका भावाने विचारले होते, अल्झायमर निघालाच तरी डॉक्टर काय करणार? बरा करणार नाही, हे खरे. डोनेपेझिलसारखी औषधे काहींना काही काळ थोडा आधार देतात, एवढेच. पण आपल्या गोव्यातच, दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांवर झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे, तज्ज्ञ नव्हेत, सहा महिने घरी जाऊन सांभाळणाऱ्यांशी बोलत होती, चिडचिड-भटकणे कसे हाताळायचे ते शिकवत होती. सांभाळणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले. मावशीची सून रात्री तीनला तिच्यामागे अंगणात धावायची, तिला हे कोणी आधी सांगितले असते तर!

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या, आयुर्वेदिक चूर्णेसुद्धा. पहिली चूक कधी दिसली ते लिहून न्या. आम्हाला ‘चवथीच्या आदल्या दिवशी’ एवढे नेमके सांगता आले, ते डॉक्टरांच्या कामी आले. आणि रोज जवळ राहणाऱ्या माणसाला बरोबर न्या, पणजीहून रविवारी येणाऱ्या मुलाला नव्हे.