'हो, आणि...' म्हणजे होयबागिरी नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ऑफिसातल्या नव्या टीमची भीड चेपण्यासाठी इम्प्रॉव्हचे, म्हणजे संहितेशिवाय रंगणाऱ्या विनोदी नाटकातले खेळ घ्यावेत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची चांगलीच खरमरीत प्रतिक्रिया आली. तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाच्या रोखठोकपणे तुम्ही सुनावलंत, की या मोठ्या माणसांच्या माकडचेष्टा आहेत, लाजाळू माणसाचा त्यात छळ होतो, आणि 'हो, आणि...'चे धडे देऊन तुम्ही होयबांची पैदास वाढवताय, ते आपल्याकडे आधीच काय कमी आहेत? शेवटचा टोला झकास होता, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

'हो, आणि...' हा इम्प्रॉव्हचा मूळ नियम: समोरच्याने जे मांडलं ते मान्य करायचं आणि त्यात आपली भर घालायची. समजा, स्टेजवर दोघं उभे आहेत. एक म्हणतो, "अहो, छत गळतंय." दुसरा म्हणाला, "कुठे गळतंय?" की कारभार आटोपला. तेच "हो, आणि ते तुमच्याच मेव्हण्याने बांधलंय" म्हटलं की भांडण पेटतं आणि प्रवेश पळायला लागतो. 'हो' हा होकार परिस्थितीला असतो, मताला नाही. होयबा 'हो' म्हणून थांबतो. 'आणि'च्या पुढे स्वतःचं काहीतरी घालावं लागतं, तिथेच त्याची पंचाईत होते. कर्जमंजुरीच्या बैठकीत हा नियम चालवा, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. तिथे 'नाही' म्हणणाराच बँक वाचवतो, हे तुम्हाला मी काय सांगावं.

आता लाजाळू माणसाचं. हे खेळ मुळात विनोदी माणसांसाठी जन्मलेच नाहीत. व्हायोला स्पोलिन ही शिकागोची बाई. १९२०च्या दशकात तिथल्या हल हाउस या समाजकेंद्रात नेव्हा बॉइड यांच्याकडे ती मुलांचे खेळ घेण्याचं शास्त्र शिकली, आणि पुढे मंदीच्या काळातल्या सरकारी योजनेत स्थलांतरितांच्या वस्त्यांमध्ये नाटकाचं काम करू लागली. घरोघरी भाषा वेगळी, मुलं बुजलेली. 'लाजू नकोस' म्हणून लाज जात नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक खेळात तिने लक्ष गुंतवायला एक काम दिलं: समोरच्याचा आरसा हो, नसलेला चेंडू झेल. कामात गुंतलेल्या माणसाला स्वतःकडे बघायला फुरसत नसते. तिचा मुलगा पॉल सिल्स याने १९५९मध्ये सहकाऱ्यांसोबत 'सेकंड सिटी' ही विनोदी मंडळी उभी केली, तेव्हापासून या खेळांवर विनोदाचा शिक्का बसला.

म्हणूनच ऑफिसात मी कुणाला एकट्याला मध्ये उभं करत नाही. मला सगळ्यात आवडतो तो वीसपर्यंत मोजण्याचा खेळ. गोल करायचा, नजर खाली. कुणीही 'एक' म्हणावं, मग दुसऱ्या कुणीही 'दोन'. दोघं एकदम बोलले की पुन्हा एकपासून. एका टीममध्ये साहेबांना सवयीने प्रत्येक आकडा स्वतःच म्हणायचा होता, त्यामुळे गाडी सातच्या पुढे सरकेना. कुणी काही बोललं नाही. हळूहळू त्यांच्याच लक्षात आलं आणि ते गप्प झाले. 'अठरा' म्हटलं ते अकाउंट्समधल्या एका मुलीने, जिचा आवाज मी तोपर्यंत ऐकलाच नव्हता. यात माकडचेष्टा कुठे आहे, सांगा.

गोष्ट रचण्याचा खेळही असाच. प्रत्येकाने एकच शब्द घालायचा. मराठीत त्याला वेगळीच रंगत येते, कारण क्रियापद शेवटी. "यंदा साहेबांनी सगळ्यांना घसघशीत पगारवाढ..." इथवर सगळे खूश, आणि शेवटचा शांतपणे म्हणतो, "नाकारली."

सक्तीबद्दल मात्र मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे. फ्रान्समध्ये कंपनीच्या 'मजेत' सामील होत नाही, हेही कारण दाखवून एका कर्मचाऱ्याला काढलं होतं. तिथे इम्प्रॉव्ह नव्हतं, दारूच्या पार्ट्या होत्या, पण मुद्दा तोच. २०२२मध्ये तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ते कारण बेकायदा ठरवलं. खुद्द स्पोलिननेही १९६३च्या आपल्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात शाबासकी आणि नापसंती या दोन्हींना खेळाचे वैरी म्हटलंय. तेव्हा एचआरची मंडळी कोपऱ्यात वही घेऊन बसणार असतील, किंवा अप्रेझलचा महिना असेल, तर खेळ नकोच. 'मी बसून बघतो' म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही.

आणखी एक पथ्य. कीथ जॉन्स्टन या ब्रिटिश दिग्दर्शकाचे मालक-नोकर धाटणीचे खेळ आहेत, कोण वरचढ आणि कोण पडतं घेणार, असे. नाटकवाल्यांसाठी ते सोनं आहे. पण जो खरोखरच तुमची रजा मंजूर करतो, त्याच्यासोबत ते खेळायला लावणं हा मला आगाऊपणा वाटतो.

राहिली तुमची सूचना, की त्यापेक्षा भेंड्या लावा. टीममध्ये एखादा तमिळ किंवा बंगाली असला की तो टाळ्या वाजवत बसतो, आणि गाता गळा असलेले दोघंच मैदान मारतात. सगळी मंडळी मराठी असतील तर खुशाल भेंड्या घ्या. फक्त 'ळ' आला तर 'ल' चालेल का, एवढं आधी ठरवून घ्या. त्यावरून दोन डिपार्टमेंटांत अबोला झालेला मी पाहिलाय.