सावळ्या त्वचेला लेझरनंतर ऊन चालत नाही, हे ठळक लिहा

तुमच्या लेखात म्हटलंय की फ्रॅक्शनल लेझरने (त्वचेवर बारीक ठिपक्यांत मारा करणाऱ्या लेझरने) मुरुमांचे खड्डे भरून येतात. खरं आहे, पण आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेचं काय, ते एका ओळीत उरकलंय. माझ्या मुलीने ठाण्यात सीओटू लेझर (त्यातलाच कार्बन डायऑक्साइडचा प्रकार) करून घेतलं, तेही एप्रिलमध्ये. ४ दिवसांत गालांवर कॉफीच्या भुकटीसारख्या बारीक खपल्या धरल्या, आठवड्यात पडल्या, खालून गुलाबी त्वचा. आम्ही खूश! पोरगी लगेच कॉलेजला, घोडबंदर रोडवर भर दुपारी रिक्षातून. ३ आठवड्यांत दोन्ही गालांवर जाळीसारखे तपकिरी डाग. लेझरने भाजलेल्या जागी आपल्या त्वचेत मेलॅनिन (त्वचेला सावळा रंग देणारं द्रव्य) जास्त तयार होतं, ऊन लागलं की आणखीच. हे आधी कुणी सांगितलंच नाही. डाग जायला ८ महिने गेले, त्यात तिने किती फोटो टाळले ते मी पाहिलंय.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी कानाजवळ थोड्याशा जागेवर करून बघितलं, लेझरची ताकद कमी ठेवली, सिटिंग वाढवली, एसपीएफ ५० चं सनस्क्रीन दर २-३ तासांनी लावायला लावलं. वांग असतील तर मात्र बायांनो, घाई नको, लेझरने ते उलट गडद होऊ शकतात. मुलीचे खड्डे आता बरेच उथळ झालेत. पूर्ण गेले नाहीत, पण ती आरशासमोर थांबते.