आशाताई 'कायम' झालेल्या नाहीत

'आशा सेविका आता सरकारी कर्मचारी, पगार सुरू' हा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. तसा निर्णय झालेला नाही. गोंधळ बहुधा फेब्रुवारी २०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पातून झाला असावा. त्यात आशा, अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना आयुष्मान भारत योजनेत घेतलं. म्हणजे उपचारांचं संरक्षण, नोकरी नव्हे. आशा आजही मानसेवीच आहे, म्हणजे पगारी नोकर नव्हे, मोबदल्यावर काम करणारी आरोग्य स्वयंसेविका. बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं, बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, फॉर्म भरायचा, मग त्या भेटींचे पैसे. तेही कित्येकदा थकलेले! राज्याकडून दरमहा मिळतो तोही मोबदलाच. वेतनश्रेणी नाही, पेन्शनही नाही. तेव्हा आशाताईंकडे पेढे मागू नका.