साठ तोळ्यांचं पुस्तक

"बोलायचं असेल तर बाहेर जाऊन बोला" असं मला शाळा सुटल्यापासून कोणी म्हटलं नव्हतं, रविवारी म्हटलं, आणि तेही बोलत दुसराच माणूस असताना.

नागपुरात बर्डीवर साहित्य अकादमी पुरस्कारविजेत्या लेखकांशी गप्पा होत्या. वेळ साडेपाचची, सुरू साडेसहाला, मग दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, ज्याने शाल दिली त्यालाही शाल, जाऊ द्या. शेजारी एक काका येऊन बसले. बँकेतून रिटायर, हे त्यांनी खुर्चीला पाठ टेकायच्या आत सांगितलं.

लेखक कादंबरीची पहिली ओळ कशी सुचली ते सांगू लागले आणि इकडे मला कोपर बसलं.

"काऊन जी, अकादमीवाले देते किती?"

"एक लाख. आणि ताम्रपट."

"अन् ज्ञानपीठ?"

"अकरा."

"मंग याहीनं एकवाला कायले घेतला?"

यावर काय बोलणार? मी स्टेजकडे बघत बसलो. काकांनी मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडला, फुल ब्राइटनेस, पुढच्या रांगेतल्या बाईंचा अंबाडा उजळून निघाला. पहिला पुरस्कार कवा? 1955, मी दातांतून म्हटलं, मराठीत लक्ष्मणशास्त्री जोशींना, 'वैदिक संस्कृतीचा विकास'साठी, पाच हजार रुपये. म्हटलं आता तरी गप बसतील.

"तवा सोनं दहा ग्रॅमले ऐंशीच्या आत होतं. म्हणजे साठ तोळ्याच्या वर झालं ना भाऊ! आपल्या कवी ग्रेसले कवा भेटला?"

"2011 चा."

"लाख रुपये. साडेतीनेक तोळे. अन् आता लाखात एक तोळाही येत नाही. अन् हे म्हणून राहिले मराठी पुढं चालली."

हिशोब बरोबर होता, हीच तर खरी चीड. तेवढ्यात बिल्ला लावलेली व्हॉलंटियर मुलगी आली आणि सरळ माझ्याकडे बघून ते बाहेरवालं वाक्य म्हणाली, वर "काका" म्हणून. मला! काका मात्र हात जोडून, डोळे मिटून, कीर्तनात बसल्यासारखे.

बरं, मी गप्प बसून ऐकायचं तरी काय होतं? सूत्रसंचालक प्रत्येक प्रश्नाआधी पुस्तकाचं कथानक सांगत होते, शेवटासकट, आणि मग "याबद्दल थोडक्यात सांगा". तास गेला सत्कारात, लेखकाच्या वाट्याला थोडक्यात. समोरच्या आमदारसाहेबांच्या खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या आणि आम्ही मागे पंख्याच्या हवेबाहेर. पुस्तक वाचून आलेलं कोणी होतं का, हे विचारायची तर सोयच नाही.

बाहेर टेबलावर तीच कादंबरी, किंमत 450, वीस टक्के सूट. काका तिथेही हजर.

"लेखकाले यातले किती भेटते?"

विक्रेता म्हणाला, साधारण दहा टक्के.

"म्हणजे मले नव्वद सुटले अन् ज्यानं लिवलं त्याले पंचेचाळीस?" काका पहिल्यांदाच गप्प झाले. मग म्हणाले द्या एक, खिशातून तीनशे काढले, आणि माझ्याकडे वळले.

"साठ रुपये असन का जी? त्याच्याजवळ यूपीआय नाही चालून राहिलं."

नंबर घेतलाय त्यांनी माझा. पाठवतो म्हणाले. आज बुधवार.