आयोमीची बोटं आणि आमची हलगी

परवा रात्रपाळीत चहाच्या वेळी रोलिंग मिलमधल्या काकांनी माझा एक इयरफोन कानात घातला आणि दहा सेकंदांत काढून हातावर ठेवला. "हे काय ऐकू राहिला रे? मिलचा आवाज पुरत नाही का तुला?"

जालन्यात मेटल, म्हणजे जड गिटारींचं कडक रॉक संगीत, ऐकणाऱ्याला हे नवीन नाही. पण काका नकळत मुद्द्याचं बोलले. हे संगीत आलंच कारखान्यांच्या गावातून, इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममधून. तिथल्या ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच नेमका गेला. त्यानं प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, वरून चामडं लावलं. पुढं तारा सैल सोडल्या, दाबायला हलक्या जाव्यात म्हणून. 1971 च्या तिसऱ्या अल्बममध्ये काही गाणी तीन अर्धस्वर खाली उतरलीत. तो जो जड, छातीत बसणारा आवाज आहे, तो असा.

काकांना हे सांगितलं. पहिला प्रश्न : "मंग भरपाई भेटली का त्याला?"

त्यानं तारा सैल सोडल्या, आपल्याकडं उलटं. हलगी जाळावर शेकतात, कातडं ताणतं, आवाज कडक होतो. वरातीत ती दुगणीत गेली की पाय कुणाला विचारत नाहीत. थ्रॅश, म्हणजे मेटलचा सुसाट प्रकार, ऐकताना माझं तेच होतं. स्लेयर बँडचा 1986 चा 'रेन इन ब्लड' अख्खा अल्बम अर्ध्या तासाच्या आत आटोपतो, आणि तेवढंच बरं, त्याहून जास्त वेळ डोकं झटकलं तर मान टिकणार नाही.

आयर्न मेडन बँडवाले वेगळे. तिथं दोन गिटारी एकच चाल जोडीनं वाजवतात आणि गर्दी शब्द सोडून ती चालच गाते. डेथ मेटलचा गुरगुराट मात्र मला दोन वर्षं झेपला नाही. शब्द शोधत बसायचो. मग एकदा तो घसा ड्रमसारखा ऐकला आणि गाडी रुळावर आली. नॉर्वेच्या ब्लॅक मेटलमधली ती मुद्दाम खरखरीत ठेवलेली थंडी आवडते. तिथल्या काहींनी चर्चं जाळली, त्याचं कौतुक मला नाही.

पण माझा खरा जीव डूममध्ये, मेटलच्या संथ, जड प्रकारात. मित्र त्याला रटाळ म्हणतात. म्हणोत. एप्रिलची दुपार, लाइट गेलेली, पत्रा तापलेला, आणि एकच रिफ, गिटारची छोटी चाल, पुन्हा पुन्हा. पुढचा ठोका येईपर्यंत श्वास धरून बसावं लागतं. आला की बरं वाटतं, घमेलं खाली टाकल्यासारखं. मराठवाड्यात वाट बघणं कुणाला शिकवावं लागत नाही, त्यामुळं डूम आपल्यालाच जास्त कळायला पाहिजे, असं माझं ठाम मत.

काल काकांना सॅबथच्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं लावून दिलं. सुरुवातीला नुसता पाऊस, ढगांचा गडगडाट आणि लांब कुठंतरी घंटा. काका डोळे मिटून बसले होते. गिटार आली तसे उठले.

"पाऊस तेवढा ठेव मोबाइलमधी," म्हणाले.